तेल्यातांबोळ्यांच्या नावाने

नगरच्या तेलीखुंटावर आमच्या पणजोबांचा घाणा होता. करडई, तीळ, कारळं गाळायचे. तिथून कापड बाजार हाकेच्या अंतरावर. त्या जुन्या कापड बाजारात ३१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी स्वराज्यावर भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी नगरातच आणखी एक. मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला. टिळकांचा धडा आला की फळ्यावर एक बिरुद लिहायचो: 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी'. विरोधक टिळकांना हिणवायला असं म्हणत, आणि टिळकांच्या माणसांनी ते भूषण म्हणून मिरवलं, एवढं सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळायचं, असा शिरस्ता होता. वर्गात तेल्यांची मुलं असत, तांबोळ्यांचीही असत. बाकीची मुलं त्यांच्याकडे वळून बघत आणि ही मुलं वहीत बघत.

त्या मुलांमुळे मी या शब्दांच्या मागे लागलो. लोकांना उठवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे जे जे शब्द चालले, ते जमेल तिथून गोळा केले. चळवळ्या, चिथावणीखोर, माथी भडकवणारा, बुद्धिभेद करणारा, जहाल, राजद्रोही, पुंड. हे सगळे शब्द वक्त्यावर फेकलेले. पण नीट ऐकलं तर त्यांत वक्त्याबद्दल थोडं आणि ऐकणाऱ्याबद्दल फार सांगितलेलं असतं. माथी भडकतात ती ऐकणाऱ्यांची. भेद होतो तो त्यांच्या बुद्धीचा. चिथावणीने पेटतात तेही तेच. त्यांना स्वतःचं दुःख कळत नाही, स्वतःचा राग नाही, कुणीतरी बाहेरून येऊन तो त्यांच्यात भरतो, हे या शब्दांचं गृहीत आहे. 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' या शब्दांत तर ते लपवलेलंही नाही. टिळकांना कमी लेखायचं म्हणून त्यांच्या सभेला कोण येतं ते सांगितलं. टिळकांनी शिवीचा किताब केला. आम्ही मात्र त्या शिवीतच राहिलो. याबद्दल मला बोलायचं आहे.

तेली आणि तांबोळीच का निवडले? दोन्ही 'त'ची नावं जोडीने जिभेवर बसतात, हे एक. पण दुसरं कारण जास्त खरं. दोघांचाही धंदा किरकोळ, रोजचा, दारोदारचा. नवटाक, पावशेर तेल आणि पैशाची पानं. देवापुढच्या समईला तेल तेल्याच्या घाण्याचं आणि पूजेच्या विड्याला पान तांबोळ्याच्या टोपलीतलं. तरी सकाळी तेल्याचं तोंड दिसलं तर अपशकुन मानणारे लोक होते, आणि माझ्या आजीला ते कळायचं. भल्या पहाटे ती कुणाच्या वाटेत यायची नाही. घाण्याभोवती बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरायचा, लाट करकरत राहायची, पेंड गुरांना जायची. त्या कामाला वेळकाळ नव्हता. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आलं आणि दिव्याच्या तेलाचं गिऱ्हाईक तुटत गेलं. टिळकांच्या सभांना जो तेली येत होता तो असा, पोटावर पाय आलेला. त्याच्या डोक्यात राग भरायला पुण्याहून कुणी यायची गरज नव्हती.

आणि त्याला इतिहासही होता. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले ते संताजी जगनाडे चाकणचे तेली, त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. कोकणात बेने इस्रायली लोक तेलाचाच धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. परमुलखातून आलेल्या माणसांची या भूमीवरची पहिली ओळख घाण्याने करून दिली. पेशवाईच्या शेवटच्या काळात ताई तेलिणीने पंतप्रतिनिधींच्या बाजूने वासोटा किल्ला बापू गोखल्यांविरुद्ध लढवला. पेशव्यांच्या लेखी ते बंड. लोकांनी तिच्यावर म्हण रचली, आणि त्या म्हणीत हसू बापू गोखल्यांचं होतं, तेलिणीचं नव्हे.

टिळकांच्या आधी हे शब्द वापरणारे लोक इंग्रजच होते असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला. त्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेत त्यांच्यावर जी टीका आली तिच्यात 'शूद्र जगद्गुरू' अशा शब्दांची पखरण होती. जगद्गुरू म्हणजे उपहास. शूद्र म्हणजे उपहासाचं कारण. चिपळूणकर मोठे गद्यकार, मराठी गद्याला त्यांनी जो कणा दिला तो मी वर्गात मनापासून शिकवला. पण हा शब्द वाचला की मला त्यात 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' या पुढच्या शिवीचा साचा दिसतो. माणसाचं म्हणणं खोडण्याऐवजी त्याचा श्रोता दाखवायचा.

आमच्या जिल्ह्याची गोष्टही याच सुमाराची आहे, तिची सुरुवात शेजारच्या जिल्ह्यात झाली. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली आणि कर्जरोखे काढून जाळले. तो वणवा पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत, सगळीकडे तोच प्रकार: कागद द्या, कागद जाळू. माणसं मारण्याचा हेतू जवळपास नव्हताच. सावकाराने रोखे काढून दिले की बहुतेक ठिकाणी जमाव निघून जाई. सरकारने चौकशीला आयोग नेमला, पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमदतीचा कायदा आला. या सगळ्या उठावाला नाव घेण्यासारखा पुढारी नव्हता. भाषण नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं, पुण्याचा वकील नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला होता, तो उतरला. सारा वाढला होता, सावकाराने हात आखडता घेतला होता आणि अंगठा उठवलेल्या कागदावर काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. कारणं एवढीच आणि पुरेशी. ज्यांना प्रत्येक दंग्यामागे एक डोकं शोधायची सवय असते त्यांनी १८७५ जरूर वाचावं.

आता टिळक. १८९६ ला पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. दुष्काळात रयतेला कोणती सूट मिळावी, कोणती कामं निघावीत, हे सरकारच्याच फॅमिन कोडात लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत होतं. टिळकांच्या हातातल्या सार्वजनिक सभेने ते मराठीत आणून गावोगाव पोचवलं. सभेचे प्रचारक ठाणे, कुलाबा या भागांत फिरले आणि पीक बुडालं असेल तर सारा भरायला कर्ज काढू नका, कायद्यानेच तुम्हाला सूट आहे, असं सांगू लागले. अशा एका प्रचारकावर पेणला खटलाही झाला. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. यातली गोष्ट लक्षात घ्यावी: हे प्रचारक सांगत होते तो सरकारचा स्वतःचा नियम होता. तो अधिकाऱ्याच्या कपाटात असेपर्यंत प्रशासन होतं, आणि कुणब्याच्या कानावर पडला की चळवळ झाली. 'चळवळ्या' या शब्दातला तो 'या' मला तेव्हापासून ऐकू येतो. वेडा-वेड्या, बाळा-बाळ्या, तसा चळवळ्या. हाक मारायचा आणि हाताबाहेर ढकलायचा तो प्रत्यय आहे.

पुढे पुण्यात प्लेग, प्लेग-अधिकारी रँडची मोहीम आणि २२ जून १८९७ ची रात्र. रँडचा खून झाला आणि त्याच्या आधी आठवडाभर केसरीत छापलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायद्यातल्या शब्दाचा अर्थ सांगितला तो असा की सरकारबद्दल प्रेमाचा अभाव एवढाही अप्रीती ठरायला पुरे. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची. दुसऱ्या वर्षी कायदा आणखी रुंद करण्यात आला आणि वर्गावर्गांत वैर पसरवण्याचं नवं कलमही त्याच दुरुस्तीत आलं. ते आजही निराळ्या आकड्याखाली आपल्या कायद्यात आहे.

१९०८ चा खटला जास्त प्रसिद्ध आहे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीचे दोन अग्रलेख, न्यायमूर्ती दावर, १३ ते २२ जुलै. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि ती एकवीस तासांहून अधिक चालली. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि न्याय करणाऱ्यांच्या हातात इंग्रजी तर्जुमा. टिळकांनी हायकोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि शब्दामागून शब्द घेऊन दाखवलं की मराठीत जो शब्द साधा आहे त्याला इंग्रजीत धार लावली आहे. मला या खटल्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण टिळकांचं म्हणणं असं की माझा मजकूर माझ्या वाचकाच्या कानाने तोला. हा वाचक कोण होता? केसरी गावात एखादाच यायचा आणि पारावर, दुकानाच्या ओट्यावर मोठ्याने वाचला जायचा. ऐकणाऱ्यांत कित्येकांना अक्षरओळख नसे. त्यांना मराठी मात्र ज्यूरीपेक्षा चांगली कळत होती. कोर्टात टिळक त्या वाचकाचा दर्जा मान्य करा म्हणत होते. कोर्टाने तो मान्य केला नाही. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, एक हजार रुपये दंड. पुढे त्या शिक्षेची जागा मंडालेचा तुरुंग झाली.

निकाल लागला आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. २३ जुलैपासून सहा दिवस, वर्षाला एक दिवस. लष्कर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. सरकारी मत असं पडलं की टिळकांच्या माणसांनी कामगारांना भरीस घातलं. आता हे कामगार कोण? रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इथून पोटासाठी गेलेले कुणबी, मराठे, महार, साळी, कोष्टी, तेली. एक दिवस काम बुडालं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते जाणूनच सहा दिवस बसले. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्याहून मोठी वाटते ती मजुरी सोडण्याची गोष्ट. ज्याला दुसऱ्याने भरीस घातलं आहे तो दुसऱ्या दिवशी घरच्या चुलीकडे बघून कामावर जातो. सहाव्या दिवशी तो घरी बसलेला असतो तेव्हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

१९१० मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांचं हिंदुस्थानातल्या असंतोषावरचं पुस्तक आलं आणि त्यात टिळकांना या असंतोषाचे जनक ठरवलं गेलं. टिळकांनी मंडालेहून सुटल्यावर चिरोलवर लंडनच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक दावा हरले आणि खर्चाने पार वाकले. त्यांनी ज्या पुस्तकातल्या मजकुराविरुद्ध दावा लावला त्याच पुस्तकातलं 'असंतोषाचे जनक' हे बिरुद आज त्यांच्या पुतळ्यांखाली आहे, शाळेच्या भिंतीवर आहे, भाषणाच्या पहिल्या वाक्यात आहे. शिवीचा किताब होतो तो असा. पण मी १८७५ चा उल्लेख आधी केला तो यासाठीच. आमच्या जिल्ह्यातल्या पारनेर-कर्जतच्या असंतोषाला जनक नव्हता, आणि त्यावेळी टिळक विद्यार्थी होते. टिळकांचं खरं मोठेपण मी दुसरीकडे बघतो: असलेल्या असंतोषाला त्यांनी शब्द दिले, कायद्याची ओळख करून दिली, आणि त्यासाठी स्वतः तुरुंगात गेले. जनक म्हटलं की ऐकणारे त्यांची लेकरं होतात. ती लेकरं नव्हती.

आमच्या नगरच्या सभांकडे येतो. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली, आणि वर्षभरात तिचे सुमारे १४ हजार सभासद झाले. त्या वर्षी टिळकांनी बेळगावला एक आणि नगरला दोन भाषणं केली. या तिन्ही भाषणांवरून सरकारने त्यांच्यावर कारवाई केली. २३ जुलै १९१६ ला पुण्यात त्यांचा साठावा वाढदिवस साजरा होत होता, लोकांनी जमवलेली एक लाखाची थैली त्यांना दिली गेली, आणि त्याच दिवशी नोटीस हाती पडली: वर्षभर चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत? बॅरिस्टर जिना त्यांच्यातर्फे उभे राहिले. मॅजिस्ट्रेटने मुचलका मागितला, पण ९ नोव्हेंबरला हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

या भाषणांचा तपशील आज आपल्याकडे आहे तो पोलिसांमुळे. सभेत सरकारी लघुलेखक बसलेला असे आणि टिळकांचा शब्दन् शब्द टिपून घेत असे. पुढे तीच टिपणं कोर्टात पुरावा म्हणून आली आणि नंतर टिळकांच्या भाषणांच्या पुस्तकांत गेली. ती वाचताना जाणवतं की नगरच्या त्या दोन दिवसांत कुणाचं माथं भडकवलेलं नाही. बादशहा हवाच, पण मधली नोकरशाही आपल्या हाताखाली हवी, कारभारी आमच्या संमतीचा हवा, असं समजावून सांगणं आहे, उदाहरणं आहेत, प्रश्न आहेत. ज्याच्याशी असं बोलायचं त्याला विचार करता येतो हे आधी मानावं लागतं. कापड बाजारातले व्यापारी, तेलीखुंटाचे तेली, पानवाले, हमाल, तालुक्याहून बैलगाड्या जोडून आलेले लोक, सगळे तिथे होते असं आमच्या भागातली म्हातारी माणसं सांगायची. लघुलेखकाने त्यांच्यापैकी कुणाचं नाव लिहिलं नाही. त्याला ते काम दिलेलंच नव्हतं.

आणि आता अथणी. हे सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. नगरच्या सभांना दीड वर्षही झालं नव्हतं. भारतमंत्री माँटेग्यू साहेब हिंदुस्थानात येत होते, राजकीय सुधारणा होणार होत्या, आणि मागास समाजाचे लोक कायदेमंडळात आपल्याला निराळ्या जागा हव्यात म्हणून पुढे आले होते. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांच्या पाठीशी होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या सभेत टिळकांनी विचारलं की कुणब्यांना तिथे जाऊन नांगर चालवायचा आहे का, वाण्यांना तागडी धरायची आहे का, शिंप्यांना कात्री चालवायची आहे का. अशा अर्थाचे ते उद्गार तेव्हाही गाजले आणि अजून विसरलेले नाहीत. टिळकांची भूमिका समजून घेता येते: जातवार जागा दिल्या की सरकार फोडाफोडी करणार, स्वराज्याचा प्रश्न मागे पडणार. पण आदल्याच वर्षी लखनौला मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना त्यांनी स्वतः संमती दिली होती, आणि ती मोठ्या मनाने दिली होती. मग कुणब्या-शिंप्यांच्याच बाबतीत अवजार का आठवावं?

टिळकांवर माझा जीव आहे. मंडालेच्या कोठडीत गीतारहस्य लिहिणाऱ्या माणसापुढे मी मान लववतो. तरी अथणीच्या त्या सभेत त्यांच्या तोंडून त्यांना हिणवणाऱ्यांचीच भाषा निघाली, असं मी वर्गात शेवटची काही वर्षं सांगत आलो आणि इथेही सांगतो. ज्यांचे पुढारी म्हणवून घेण्यात भूषण होतं, त्यांनी सभेला यावं, थैलीत पैसा टाकावा, गिरणी बंद ठेवावी. खुर्चीवर बसायची वेळ आली की त्यांचा घाणा आणि नांगर पुढे करायचा. १९१९ च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींना सात जागा राखून मिळाल्या. कुणी कात्री घेऊन आत गेलं नाही.

यानंतर शब्द उलटे फिरू लागले. सत्यशोधकांचे जलसे साताऱ्या-पुण्याकडच्या गावांत गाजत होते आणि ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसणारी कुळं प्रश्न विचारत होती. तेव्हा सरकारने टिळकांना चिथावणीखोर म्हटल्यावर संतापलेल्या मंडळींनीच जलसेवाल्यांना तोच शब्द लावला. पुण्यात केशवराव जेध्यांच्या वाड्याच्या आश्रयाने छत्रपती मेळा निघाला आणि गणेशोत्सवाच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंची पदं एकमेकांवर आदळू लागली. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक आलं. त्यात दुश्मन ठरवले होते ते चिपळूणकर आणि टिळक. पुस्तकाची भाषा जहरी आहे, काही पानं मला वाचवत नाहीत. ते लिहिलं गेलं तेव्हा टिळकांना जाऊन पाच वर्षं झाली होती, मेलेल्या माणसावर असे शब्द मी माझ्या विद्यार्थ्याला लिहू दिले नसते. पण त्या रागाचा पत्ता अथणीत सापडतो आणि त्याहून मागे निबंधमालेत. जवळकर, जेधे आणि त्यांच्या सोबत्यांवर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२६ च्या ऑक्टोबरात ते सगळे सुटले. जेधे पुढे काँग्रेसमध्ये गेले, कायदेभंगात तुरुंगात गेले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही पुढे राहिले. म्हणजे पुण्याच्या पत्रांनी ज्यांना सरकारचे हस्तक ठरवलं होतं त्यांतलेच काही सरकारचे कैदी झाले.

साताऱ्यातलं १९४२ नंतरचं प्रतिसरकार तर या शब्दांच्या इतिहासात वेगळंच प्रकरण आहे. त्याचे पुढारी येडेमच्छिंद्रचे नाना पाटील एकेकाळी तलाठी होते. त्यांचं बोलणं गावरान. ते व्याख्यान द्यायचे नाहीत, गाऱ्हाणं सांगायचे, आणि समोरच्याला ते स्वतःचं वाटायचं. सरकारी कागदांत त्यांची माणसं दरोडेखोर आणि गुंड. गावाला छळणाऱ्या सावकाराला किंवा खबऱ्याला तळपायावर मार पडायचा, आणि बैलाला पत्री ठोकतात त्यावरून प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' झालं. कुचेष्टा करणाऱ्यांनीही ते नाव चालवलं आणि साताऱ्यातल्या गावांनी ते प्रेमाने उचललं. घाण्याच्या बैलाला आमच्याकडेही पत्री ठोकत. म्हणून हे नाव मला घरचं वाटतं. पण इथे एक फरक पडला होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. या वेळी वक्ता आणि श्रोता एकाच गावचे होते. नानांना बाहेरून आलेला म्हणायची सोय नव्हती.

१९५५ च्या २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. तेव्हा सरकारी बाजूने जो शब्द पुन्हा पुन्हा आला तो गुंडगिरी. त्या लढ्यात मेलेल्यांची संख्या शंभरावर गेली. हुतात्म्यांच्या यादीत बहुतेक नावं कुणा पुढाऱ्याची नाहीत. जे सभेला गेले होते, रस्त्यावर होते, त्यांची ती नावं आहेत. आपल्याकडे श्रोत्यांची नावं अशी कोरलेली क्वचितच सापडतात. १९०८ च्या जुलैत गिरणगावात पडलेल्यांसाठी तेवढंही झालं नाही.

८ फेब्रुवारी २०२१ ला राज्यसभेत पंतप्रधानांनी 'आंदोलनजीवी' हा शब्द दिला आणि दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी तो लगेच स्वतःला लावून घेतला. शब्द ताजा आहे, सूचना १८९६ चीच: शेतकरी भोळे आहेत, त्यांना चालवणारे दुसरेच. त्या आंदोलनाच्या मागण्यांबद्दल कुणाचं काहीही मत असो. थंडीवाऱ्यात वर्षभर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला स्वतःचं मत असतं, एवढं तरी मानायला हवं.

शेवटची एक विनंती, आणि ती मनापासून आहे. होमरूल लीगच्या सभासदांच्या पावत्या, तळेगावच्या काचकारखान्यासाठी गावोगाव एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसाफंडाच्या नोंदी, १९१६ च्या थैलीला दिलेल्या वर्गणीचे कागद, गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या वह्या, दुकानांची त्या काळची खतावणी, असं काही तेली, तांबोळी, शिंपी, कोष्टी, माळी यांच्या घरांत अजून असेल. बहुतेक माळ्यावर, मोडीत लिहिलेलं, पितळेच्या डब्यात. मोडी येत नाही म्हणून ते रद्दीत जातं, आमच्या घरचं असंच गेलं. ते कुणाकडे असेल तर विकू नका, जाळू नका. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात अजून आहेत, नव्याने शिकणारी मुलंही आहेत. नगरमध्ये असाल तर मी स्वतः येऊन बघेन, वाचून देईन आणि कागद तुमचे तुम्हाला परत करीन. मला त्यातून एवढंच काढायचं आहे की नगरच्या त्या दोन सभांत कोण कोण बसलं होतं.